कोरे टायर

सहाच्या सहा चाकांना कोरे टायर पाहिले आणि लहानू ट्रकच्या मागे गेला. त्याने वाकून स्टेपनी पाहिली. तीही कोरीच. आता मात्र त्याची खात्री पटली. शेठने गाडी विकायला काढली होती.

दुसरा एखादा ड्रायव्हर खूश झाला असता. पण लहानू गेली बारा वर्षं गोपाळरावांचा ट्रक चालवत होता आणि त्यांना पुरता ओळखून होता. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या ट्रान्सपोर्टवाल्यांत त्यांच्याइतका चिक्कू माणूस शोधून सापडला नसता. दर आठवड्याला हवा तपासा, ठरावीक पल्ला झाला की चाकांची अदलाबदल करा, नक्षी बुजली की टायर बदला, हे सांगून सांगून लहानूचं तोंड दुखलं होतं. गोपाळरावांचा नियम एकच. टायर घासून आतली तार दिसायला लागली की बदलायचा, त्याआधी विषय काढायचा नाही. आणि बदलायचा म्हणजे तरी काय, तर जुन्याच टायरवर रबर चढवलेला रिमोल्ड आणायचा. तोही खुशाल पुढच्या चाकाला लावायचा, जिथे शहाणा माणूस रिमोल्ड लावत नाही.

गेल्या मार्चमध्ये काटोलची संत्री घेऊन रायपूरकडे जाताना देवरीच्या पुढे जंगलात तोच पुढचा टायर फुटला. ट्रक दुभाजकावर चढला आणि लहानूच्या खांद्याचं हाड मोडलं. गोपाळराव धावत आले. आधी त्यांनी संत्री किती दबली ते पाहिलं. मग दवाखान्यात येऊन लहानूचा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, देवाची कृपा, गाडी वाचली.

असा माणूस आपणहून सात टायर घेतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. गाडी विकायची असली की आधी रंग आणि टायर, हे वाडीत कुणीही सांगितलं असतं.

लहानूने पिंटू मिस्त्रीला बाजूला घेऊन खोदून खोदून विचारलं. पिंटूलाही कारण ठाऊक नव्हतं. शेठने ब्रेकचे लायनर बदलायला सांगितले, ग्रीसिंग करायला सांगितलं, दिवे नवे बसवायला सांगितले, आणि वर खर्चाकडे पाहू नको असंही सांगितलं. हे शेवटचं वाक्य ऐकून पिंटू स्वतःच धास्तावला होता. शेठची तब्येत तर बरी आहे ना, असं त्याने उलट लहानूलाच विचारलं.

लहानू केबिनमध्ये चढला. त्याची स्वतःची सीट होती तशीच होती, मधोमध फाटलेली. पलीकडच्या सीटला मात्र नवा फोम आणि चकचकीत रेग्झिन. त्या बाजूला एक छोटा पंखाही बसवलेला. गिऱ्हाइकाला बसवायची जागा नटवली, एवढंच लहानूच्या मनात आलं. संशयाने एकदा घर केलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही.

गाडी गेली तर आपलं कसं होणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. नवा मालक आपला ड्रायव्हर घेऊन येणार. पन्नाशी उलटलेल्या, सांधलेल्या खांद्याच्या माणसाला कोण स्टिअरिंग देणार? आणि पिंकीच्या नर्सिंगचं एक वर्ष अजून बाकी होतं. बाप घरी बसला तर पोरीचं शिक्षणही बसलं.

तेवढ्यात ऑफिसातून हाक आली, "लहानूभाऊ, चहा घ्या."

बारा वर्षांत 'लहानू'चा 'लहानूभाऊ' कधी झाला नव्हता. आता संपलंच, असं म्हणत तो आत गेला. चहा समोर होता, पण त्याने कपाला हातही लावला नाही. शेवटी त्याने विचारूनच टाकलं.

"शेठ, खरं सांगा. गाडी विकून राहिले का तुमी?"

गोपाळराव खुर्चीत मागे रेलले. मग पोट हलेस्तोवर हसले.

"विकतो कायले गा? आपला ऋषिकेश येऊन राहिला तुमच्या संगं. सहा महिने हिंडन, रस्ता पाहीन, धंदा शिकन. एकुलता एक पोरगा हाय माहा. त्याले काय गोटा झालेल्या टायरवर बसवू?"

लहानूचा जीव भांड्यात पडला. गाडी राहणार होती, नोकरी राहणार होती, पिंकी नर्स होणार होती. त्याने चहाचा मोठा घोट घेतला. तो घोट घशाखाली गेला आणि मग शेठचं बोलणं त्याला पुन्हा ऐकू आलं, या वेळी नीट. खांदा ठणकायला लागला. राग आला, आणि रागापेक्षाही जास्त त्याला स्वतःचीच लाज वाटली, की क्षणभर आपण खूश झालो.

त्याने कप खाली ठेवला. त्याला भांडायचं नव्हतं. शेठने थोडं तरी ओशाळावं, एवढीच त्याची इच्छा होती.

"शेठ, सहा महिन्यांनी ऋषिकेशभाऊ शिकून घरी आले, की मंग हे टायर काढून घेसान का?"

गोपाळरावांना त्यात टोमणा दिसलाच नाही. त्यांना तो साधा कामाचा प्रश्न वाटला, आणि लहानूला आधीच कळलं हे बरं झालं, अशा समाधानाने ते पुढे झुकले.

"हो ना. मंग त्याले त्याची गाडी घेऊन देतो, हे टायर तिले लागतीन. पन तुमी काळजी नका करू. तुमचे टायर फेकले नाई मी, गोदामात जपून ठेवले."