उतार पक्का आहे

त्रोनहाइमच्या त्या वर्गात इंगुन आली होती ती फक्त तास भरायला. वर्षाचे प्रशिक्षणाचे तास पुरे झाले नाहीत, तर भूगर्भतज्ज्ञ म्हणून अहवालावर सही करायचा अधिकार जातो.

"झोप लागली तर निदान घोरू नकोस," शेजारचा तेर्ये कुजबुजला.

शिकवणाऱ्या बाईंनी पेल्यात घट्ट चिकणमातीचा गोळा टाकला आणि चमच्याने नुसता घुसळला. थेंबभर पाणी न घालता त्याचं ताक झालं. "आपण दहा मीटर भोक पाडून उतार पक्का आहे म्हणायचो. ही माती त्याच्याही खाली सापडतेय. पायथ्याशी खणलं, की अख्खा उतार वाहत येतो."

इंगुनने असाच एक उतार पक्का ठरवला होता. त्याच्या पायथ्याशी आता तिच्या लेकीचं, तिरिलचं पाळणाघर होतं.

ती बाहेर धावली, पाळणाघराच्या ताईंना फोन लावला. "गुरो, मुलांना घेऊन आत्ताच्या आत्ता तिथून निघा!"

"हळू बोल गं बाई! आत्ता कुठे झोपलीत सगळी आपापल्या बाबागाडीत, रोजच्यासारखी बाहेर अंगणात ओळीने लावल्यात. आणि तुझी लेक म्हणजे कमालच आहे. मागे उतारापाशी सकाळपासून खोदाईचं यंत्र धडधडतंय, तरी ढिम्म हलत नाही."