आबांची नक्कल

टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात माझा धाकटा भाऊ योगेंद्र आमच्या वडिलांची, आबांची नक्कल करत होता. आबांना जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. भडगावात आमच्या घरी सगळी गल्ली बघायला जमली होती. योगेंद्रने चष्मा कपाळावर सरकवला आणि आबांच्याच घोगऱ्या आवाजात हाक मारली, "आयकस का वं, मन्हा चष्मा कोठे शे?"

"कपायवर शे ना!" माझ्या शेजारी बसलेली आई पटकन बोलून गेली.

टीव्हीतले लोक आधीच हसत होते, आता गल्लीही पोट धरून हसली. "मंजुळाबाई, तुमीच जावाले पाह्यजे व्हतं तठे!" शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या. मीही हसले, पण आईने गंमत केली की खरंच उत्तर दिलं, ते मला कळेना. तीही गोंधळून इकडेतिकडे बघत होती.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "आई, योगूचा राग आला का?"

"नही वं." तिने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला. "परत लाव. पन ते लोकेस्नं हासनं काढी टाक. त्यामा त्यास्ना आवाज दबी जास."