गैरहजेरीची फी

वेळ घेऊन न येणाऱ्या पेशंटकडूनही फी घ्यायची, असं फिजिओथेरपिस्ट मृणाल कुंटेने अखेर वैतागून ठरवलं. त्यांच्यासाठी दुसऱ्यांना नाही म्हणायचं आणि हे लोक साधा फोनही करणार नाहीत! तशी पाटीच तिने दारावर लावली. सगळ्यांत जास्त दांड्या निंबाळकरकाकांच्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता.

पाटी वाचून काका सुधारतील असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. आठवडाभर गायब राहून ते हसतहसत आले आणि डाव्या हाताने टेबलावर नोटा ठेवल्या.

"घ्या डॉक्टर, दंड. पुढच्या आठवड्याचाही यातच धरा. कॅरमच्या स्पर्धा आहेत, मी पंच आहे."

"अहो काका, पैशांसाठी बोलावते का मी तुम्हाला?"

"मग पाटी कशाला लावलीत? पैसे दिले, विषय संपला."

मृणालने कपाळाला हात लावला. मग नोटा त्यांच्यापुढे सरकवल्या.

"दंड माफ. परत न्या हे. फक्त उजव्या हाताने उचला."

"त्यात काय!"

हात कसाबसा टेबलावर आला. बोटं नोटांवर पडली, पण मिटेनात. काकांनी दात आवळून खांदा पुढे ढकलला. एक नोट घसरून खाली पडली. मृणाल जागची हलली नाही.

"मागच्या महिन्यात मिटत होती," काका पुटपुटले. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्याची वेळ मिळेल का?"