जसंच्या तसं

वर्गातल्या पडद्यावर इस्त्रीच्या शर्टातले अण्णा दिसले आणि आसावरीने खुर्ची जरा मागे सरकवली. दोन देशांतल्या दोन विद्यापीठांची मिळून एकच पदवी ती घेत होती, तीही नवनिर्मिती आणि उद्योजकतेची; वर्षभर नुसत्या बॅगा भरायच्या आणि प्रेझेंटेशन द्यायची. शेवटी डोकंच चालेना, तेव्हा तिने प्रकल्पासाठी ‘बदल न केल्याने बुडालेला उद्योग’ म्हणून वडिलांचा, अण्णांचा, मलकापूरचा टायपिंग क्लासच लिहून दिला. प्राध्यापकांना तो इतका आवडला, की त्यांनी मालकांनाच ऑनलाइन बोलावलं. अण्णांना तिने सांगितलं होतं, "आमच्या वर्गाला तुमचं कौतुक करायचंय."

"कॉम्प्युटर येताना दिसत होते, तरी हे हातावर हात ठेवून का बसले?" एका मुलाने इंग्रजीत विचारलं. भाषांतराचं काम तिच्याकडे होतं.

"अण्णा, तो विचारतोय, तुमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी कोण?"

अण्णा इतके स्तब्ध झाले, की नेट गेलं असंच वर्गाला वाटलं.

"अगं, तीस वर्षं इंग्रजी टायपिंग शिकवलंय मी. बोलता येत नसेल, पण कळतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याला सांग, लाज वाटली. मीच शिकवलेल्या पोरांच्या शेजारी बसून पन्नाशीत कॉम्प्युटर शिकायची लाज वाटली."

आसावरीने नजर समोरच्या वहीकडे वळवली.

"सांग ना. समोरच्या कागदावर असेल तेच उमटलं पाहिजे, हे पहिल्याच दिवशी शिकवायचो मी."