सोमवारचा फोन

फोन वाजला तेव्हा कलाबाई नुकत्याच जपाला बसल्या होत्या. सोमवार होता. सोमवारी आंघोळ झाली की दिवेलागणीपर्यंत त्या तोंडातून शब्द काढत नसत. सोनाली नोकरीसाठी जयपूरला गेली, तेव्हा तिच्याच नावानं त्यांनी हा नेम धरला होता. उजव्या हातात माळ तशीच धरून त्यांनी डाव्या हातानं बटणाचा फोन कानाला लावला आणि बांगड्या एकदा वाजवल्या.

एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. दर सोमवारी मायलेकींचं बोलणं असंच चाले.

“मम्मी, माझी साडीची डिझाईन घरच्या कॉम्प्युटरवरच राहिली गं!” सोनालीला धाप लागली होती. “आज शेठ बघणार आहेत. माझी स्वतःची पहिली डिझाईन, मम्मी. आज नाही दाखवली तर दुसऱ्याची घेतील. इथून नेटवरून ओढून घ्यायला बघतेय, तर घरचा कॉम्प्युटर लागतच नाहीये. सरलामावशी आहेत का शेजारी?”

बांगड्या दोनदा वाजल्या. सरलाबाई लेकीकडे बारडोलीला गेल्या होत्या.

“मग तूच बघ. कॉम्प्युटरचं बटण दाब. लागला?”

हो.

“नेटच्या डब्यावर हिरवा दिवा आहे?”

नाही.

“लाल?”

नाही.

“म्हणजे एकही दिवा नाही? मम्मी, प्लग बघ गं!”

कलाबाईंनी प्लगकडे पाहिलं. सकाळी उपासाच्या खिचडीसाठी दाण्याचं कूट करताना त्यांनीच तो प्लग काढून मिक्सर लावला होता, आणि मिक्सर अजून तिथंच होता. त्यांनी घाईघाईनं प्लग बदलला. डब्यावर एकेक दिवा लागत गेला. सगळे लागले तशा बांगड्या जोरात वाजल्या.

“लागलं! यायला लागली फाईल!”

कलाबाईंनी देवाकडे बघून हात जोडले. पण थोड्याच वेळात पलीकडून आवाज आला, “तुटलं.” सोनालीनं परत जोडायला घेतलं, तर घरचा कॉम्प्युटर पुन्हा लागेना. तिचा आवाज रडवेला झाला.

“मम्मी, एकदाच बोल ना. स्क्रीनवर काय दिसतंय तेवढं सांग. देव काही रागावायचा नाही.”

शब्द कलाबाईंच्या ओठांपर्यंत आला. जिच्यासाठी मौन धरलं, तीच ते सोडायला सांगत होती. त्यांनी समईकडे पाहिलं. मग बांगड्या वाजल्या, अगदी हळू. दोनदा.

सोनालीनं नाक ओढलं. मग म्हणाली, “बरं. राहू दे. स्क्रीन काळी पडलीय का?”

हो.

“अगं, मग झोपलाय तो! कुणी हात लावला नाही की झोपतो, आणि तो झोपला की फाईल तुटते. ती सेटिंग आता तुला बांगड्यांवर कशी शिकवू? तू असं कर, नुसता माऊस हलवत राहा. थोडा थोडा. थांबू नकोस. आणि फोनही ठेवू नकोस.”

कलाबाई अडल्या. डाव्या हातात फोन, उजव्यात माळ. जप अर्धा सोडायचा नाही, आणि माळेला डावा हात लावायचा नाही. मग त्यांनी माळ देवापुढे ठेवली, खुर्चीवर बसल्या आणि माऊसवर हात ठेवला.

मनात एक नाव घेतलं, माऊस जरा इकडे. पुढचं नाव, जरा तिकडे.

“अर्धी आली,” सोनाली सांगत होती. “हलव, मम्मी... येतेय... अजून येतेय...”

कलाबाईंचा नवरा मगन जेवायच्या सुट्टीत कापडाच्या लूमवरून घरी आला. देवापुढे माळ आणि बायको कॉम्प्युटरपुढे बघून दारातच थबकला. “आते या कॉम्प्युटरलेबी हयद-कुकू लावजो, सोनालीनी माय!”

कलाबाईंनी डोळे वटारले, पण हात थांबवला नाही.

“आली!” फोनमधून किंचाळी आली. “पूर्ण आली, मम्मी! आता सोड माऊस. खिचडी खाऊन घे.”

बांगड्या दोनदा वाजल्या.

“अगं, आली ना फाईल! आता नाही हलवला तरी चालतं.”

पुन्हा दोनदा.

मगननं देवापुढची माळ पाहिली. मग बायकोच्या हाताकडे पाहिलं. इकडे जरासा, तिकडे जरासा, हात चालूच होता. ओठही हलत होते. त्यानं हळूच तिच्या डाव्या हातातला फोन काढून घेतला.

“सोना, शेठनी देखी का डिझाईन?”

“नाही पप्पा, आत्ता चाललेय आत. मम्मीला सांगा ना, उठ म्हणावं.”

“तू जाय बेटा,” मगन म्हणाला. “तिना जप आजून पुरा व्हयना नही.”

पलीकडून सोनालीच्या हातातलं कडं फोनवर वाजलं. एकदाच.