उतारावरचा ब्रेक

चाकाचा शेवटचा नट आवळून ती उठली आणि तिने गाडीची चावी बाबांपुढे धरली. कोपरापर्यंत हात काळे, गालावर ग्रीसचा पट्टा. सकाळपासून अंगणातल्या फरशीवर बसून तिने जुन्या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलले होते. घासून घासून कागदाएवढे उरलेले जुने पॅड पायरीवर मांडून ठेवले होते, पुरावा म्हणून.

बाबांनी चावी घेतली. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. गॅरेजमधून आलेल्या गाडीवरही विश्वास ठेवत नसे. अट त्यांचीच होती. ब्रेक त्यांच्या पायाला पटला तर गाडी लेकीची. डोंगरावरच्या शाळेत तिला नोकरी लागली होती आणि तिकडे बस जात नव्हती. नाही पटला, तर आजच शाळेला नकार कळवायचा.

"विमा भरलाय ना?" कुंपणापलीकडून शेजारच्या काकांनी विचारलं. काकांना स्वतःच्या सायकलची साखळी बसवता येत नव्हती, पण बोलायला काय जातंय.

बाबा स्टिअरिंगमागे बसले. त्यांनी पेडल दाबलं. ते थेट तळाला गेलं, मध्ये काही नसल्यासारखं.

"कुठाय ब्रेक?" बाबांनी विचारलं.

काका कुंपणावर चांगले रेलले. आई हात पुसत दारात आली. "मी म्हणत होते, गॅरेजमध्ये न्या."

ती वाकून चाकांकडे बघू लागली. नट आवळलेत, पॅड सरळ बसलेत, तेल कुठे गळत नाही. मग? तिने मनातल्या मनात सगळं काम पुन्हा उलगडून बघितलं आणि एकदम आठवलं. नवे जाड पॅड बसावेत म्हणून पॅडला पुढे रेटणारा पिस्टन तिनेच दाबून मागे ढकलला होता. तो अजून तिथेच बसला होता! पेडल मारून मारून त्याला पुढे आणायचं असतं, आणि नेमकं तेच ती विसरली होती.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्याकडेच बघत होते, अगदी साळसूदपणे. म्हातारा पक्का लबाड. त्यांना सगळं ठाऊक होतं. तिच्या तोंडून यायची वाट बघत होते.

"दाबत राहा बाबा. पिस्टन मागे राहिलाय, तो पुढे यायचाय."

"किती वेळा?"

"पाय अडेपर्यंत."

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पाय अर्ध्यावर अडला. पाचव्यांदा पेडल ताठ उभं राहिलं. बाबांनी सगळा भार टाकला, तरी ढिम्म हललं नाही.

"आलं की नाही?" ती ओरडलीच. "काका, सायकल आणा, साखळी बसवून देते!"

काकांना अचानक घरातलं काहीतरी काम आठवलं.

बाबांनी गल्लीतून दोन चकरा मारल्या. एकदा हळूच थांबले, एकदा कचकन. उतरले तेव्हा चेहऱ्यावर काही नाही. "आठवलं. पण जरा उशिरा," ते म्हणाले आणि वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसले. "चल, डोंगरावर ने."

गाडी शाळेपर्यंत चढली आणि परतीच्या उताराला लागली. प्रत्येक वळणावर ती पाय टेकवायची आणि गाडी मुकाट ऐकायची. घासल्याचा आवाज नाही की हिसका नाही. तिला इतका आनंद झाला की तिने मोठ्याने गाणं म्हटलं, तेही बेसूर.

दुसऱ्या कुणाच्या शेजारी बसले की बाबांचा उजवा पाय सारखा रिकाम्या जागी ब्रेक दाबत असे. धाकटा भाऊ असो की जावई, कुणाची यातून सुटका नव्हती. उतार संपल्यावर तिने हळूच खाली नजर टाकली.

चपला खाली पडल्या होत्या. बाबा सीटवर मस्त मांडी घालून बसले होते.