वहिनी, समोर थांबा

खट्. बाथरूमची कडी वाजली आणि शांत घर दचकलं.

"कडी नको गं लावूस," आई बाहेरून म्हणाली. "दार नुसतं लोटून घे. आता कशाला?"

लेक बाहेर आली. हनुवटीवर पेस्टचा फेस. आईने पदराने तो टिपला, तिला शेजारच्या काकूंकडे सोडलं आणि हॉस्पिटल गाठलं.

न्यूमोनियाने नवऱ्याला आयसीयूत आणून टाकलं होतं. घशात व्हेंटिलेटरची नळी होती, तेव्हापासूनच फिजिओबाई त्याचे हातपाय हलवून घेत होत्या. त्या कुणालाच पडून राहू देत नसत. नर्स त्यांना 'गजर' म्हणायच्या. काल नळी निघाली. आज गजरबाई त्याला उभं करणार होत्या.

"आज राहू द्या ना," ती म्हणाली. "थकलेत हो."

"सगळ्या बायका हेच म्हणतात, वहिनी! पडून राहिले तर अंगातली ताकद बघता बघता विरून जाते. माया घरी नेऊन करा." त्या त्याच्याकडे वळल्या. "दाबा माझा हात. अरे वा, काय पकड आहे! वहिनी, आता तुमचा द्या."

तिने डावा पुढे केला.

"उजवा द्या की, जवळ पडेल."

"त्यात सळई घातलीय. जिन्यात पडले होते."

"पहिल्यापासून वेंधळीच," दारातून सासूबाई म्हणाल्या.

गजरबाई आणि एका नर्सने धरून त्याला उभं केलं. पाय लटपटत होते. नजर मात्र तिच्यावर रोखलेली.

"समोर थांबा, वहिनी. तुम्हाला बघून पाऊल टाकतील."

त्याने पाऊल टाकलं. ती एक पाऊल मागे सरली. त्याने आणखी एक टाकलं. ती आणखी मागे, पाठ भिंतीला टेकेपर्यंत.

"शाब्बास!" गजरबाई हरखल्या. "न सांगता कळलं बघा तुम्हाला. असंच मागे मागे सरायचं, म्हणजे माणूस ओढीने पुढे येतो."

नर्सनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी डोळे पुसले. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

संध्याकाळी लेक काकूंच्या दारातच वाट बघत होती. घरात शिरल्यावर तिने विचारलं, "बाबा उठले?"

"चालले."

"घरी येणार?"

"येतील आता."

लेक आतून आपली उशी घेऊन आली.

"मग आई, आपण दोघी परत बाथरूममध्ये कडी लावून झोपायचं का?"